कॅबरगोलिन 0.5, अकरा महिन्यांनंतर: गोळीला पैकीच्या पैकी, पट्टीला शून्य

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशातल्या तीन फार्मसी पालथ्या घातल्या. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सगळं सामान मिळालं, गोळी तेवढी मिळाली नाही. त्या रागात हे लिहायला घेतलं होतं. ही गोळी प्रोलॅक्टिनोमावरची. तो म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली, प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी गाठ. याहून जास्त समजावत बसत नाही. ज्यांच्या डोक्यात तो आहे त्यांना ते पाठ असतं.

माझा सापडला पोदेरामुळे, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्यामुळे. गेल्या पावसाळ्यात सकाळी स्कूटर काढताना त्याच्या सायकलला दोनदा धडकलो. भोंगा ऐकू येत होता, माणूस दिसत नव्हता. समोरच्या बसची पाटी मात्र स्वच्छ वाचत होतो. चष्मेवाल्याने नंबर बदललाय म्हणून 4,200 रुपयांचा चष्मा गळ्यात मारला. तो अजून खणात आहे, दिसला की पोटात दुखतं. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट केली. दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी. एमआरआयमध्ये गाठ 34 मिलिमीटर.

पहिल्या सर्जननी सांगितलं, प्रोलॅक्टिन फक्त 86 आहे, एवढ्या मोठ्या गाठीच्या मानाने काहीच नाही, म्हणजे ही हार्मोन बनवणारी नव्हे, येत्या बुधवारी नाकातून काढू. मी तयार होतो. खरं सांगायचं तर घाबरून नाही, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं म्हणून. आम्ही घरात चौघं, 4 लाखांपर्यंत सोय. फुकटात होतंय तर होऊ दे, असा हिशेब. बहीण अडून बसली, "आधी हार्मोनवाल्या डॉक्टरना दाखव, मग काय ते काप."

त्या बाईंनी एमआरआय बाजूला ठेवला आणि विचारलं, "दाढी किती दिवसांनी करता?" मी चाट पडलो. पूर्वी रोज करायचो, वर्षभरात आठवड्यातून दोनदा पुरत होती. आळस वाटला होता, ती गाठीची खूण निघाली. थकवा आणि बाकीचं (विवाहितांना कळेल) वयावर ढकललं होतं. त्यांनी रक्त पुन्हा द्यायला लावलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: नमुना शंभर पट पातळ करून तपासा. आकडा आला 9,140!

कारण ऐकून हसू की रडू कळेना. या तपासणीत दोन अँटिबॉडी एकाच प्रोलॅक्टिनला दोन बाजूंनी धरतात, तेव्हा ते मोजलं जातं. प्रोलॅक्टिनचा पूर आला की दोघी वेगवेगळे कण धरून बसतात आणि आकडा कमी दिसतो. याला हुक इफेक्ट म्हणतात. मोठी गाठ आणि बेताचं प्रोलॅक्टिन अशी जोडी रिपोर्टात असेल, तर पातळ करून तपासलं का, एवढं विचाराच. पुरुषांत हा आकडा साधारण 20 च्या आत असतो. माझी बुधवारची कापाकापी रद्द झाली, हातात आली आठवड्यातून दोनदा घ्यायची चिमुकली गोळी.

सुरुवात अर्ध्या गोळीने. रात्री जेवून घ्या असं सांगितलं होतं. मी शहाणा, पहिली सकाळी चहाबरोबर घेतली आणि कदंबा स्टँडवर उठून उभा राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. रात्रीची केल्यावर तो त्रास गेला, बद्धकोष्ठता राहिली. डॉक्टरनी आणखी एक विचारलं होतं, "कसिनोत जाता का?" या औषधाने काहींना जुगाराची ओढ लागते म्हणे. मांडवी नदीत कसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या गावात हा प्रश्न गमतीचा नाही. तेव्हापासून बायको माझा फोन तपासते.

तिसऱ्या आठवड्यात पोदेर दिसला. भोंगा वाजायच्या आधी, डावीकडून, टोपलीवरच्या निळ्या प्लास्टिकसकट. त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट पाव घेतले.

आता तक्रार. पट्टीत गोळ्या चार. माझा डोस वाढून दोन वेळच्या मिळून आठवड्याला चार गोळ्या झाला, म्हणजे दर आठवड्याला एक पट्टी. फार्मसीवाला दोनच मागवतो, "खपत नाहीत हो" म्हणतो. एका गोळीत घरचे तीन-चार दिवसांचे पाव येतात आणि कार्ड इथे उपयोगाचं नाही, ते दाखल झालात तर. रक्तदाबाच्या गोळ्या दहा-पंधराच्या पट्टीत मिळतात, आमच्यावरच ही कंजुषी का?

(इथपर्यंत चवथीआधी लिहिलं होतं.) गोळी दोन दिवस उशिरा मिळाली. घाबरून डॉक्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, हे औषध अंगात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणूनच आठवड्यात दोनदाच. मिळाली की घ्या, दुप्पट घेऊ नका. म्हणजे माझा अर्धा राग फुकट गेला. गेल्या आठवड्यातले रिपोर्टही आले: प्रोलॅक्टिन 41, गाठ 19 मिलिमीटर. हृदयाचा इको ठीक. दाढी एक दिवसाआड.

काल फार्मसीवाल्याचा फोन आला, "तुमच्या पट्ट्या आल्या, महिन्याभराच्या मागवल्यात." पावसात भिजत गेलो. दोनच होत्या.