चार इंची .357 रिव्हॉल्व्हर : काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिलं रिव्हॉल्व्हर घेताना ‘फारच जड आहे’ म्हणून जे बाजूला ठेवाल, ते पुन्हा एकदा उचलून पाहा. माझं पोलादी आहे, मधल्या आकाराचं, चार इंची नळीचं, वजन किलोच्या आसपास. रेंजवर नियमित वापरल्यावर ठामपणे सांगतो, नवशिक्याला हे वजनच सांभाळून घेतं. दोन इंची, हलक्या मिश्रधातूची रिव्हॉल्व्हर्स अर्ध्या किलोच्याही आत असतात, पण त्यांचा सगळा धक्का तळहातावर येतो. मग बार व्हायच्या आधीच मनगट खाली झुकायला लागतं, आणि ही खोड एकदा लागली की जाता जात नाही.

.357 मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्व्हर घेण्याचं कारण म्हणजे त्यात .38 स्पेशल हे कमी जोराचं काडतूसही चालतं. उलटं मात्र कधीच करायचं नाही. मॅग्नम 1935 साली आलं, तेव्हा जुन्या .38 मध्ये ते बसू नये म्हणून त्याची पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) मुद्दाम तीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांब ठेवली. सरावाला मी .38च वापरतो. त्याची आखूड पुंगळी जिथे संपते तिथे सिलिंडरच्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) काजळीचं कडं धरतं आणि पुढे मॅग्नम अडकतं, म्हणून प्रत्येक घर ब्रशने घासायचं.

खरी मेहनत आहे ती डबल अ‍ॅक्शनची, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून हॅमर (बार उडवणारा मागचा घोडा) मागे नेऊन सोडण्याची. ट्रिगरला पाचेक किलोचा जोर लागतो. हॅमर हाताने मागे ओढून मारलं की नेम सोपा वाटतो, पण त्याची सवय लावून घेऊ नका. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडर पुन्हा तपासा, डमी काडतुसं घाला आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) न हलवता ट्रिगर एका लयीत ओढत राहा. माझा नेम सुधारला तो यानेच. (.22 रिमफायर रिव्हॉल्व्हर मात्र कोरडं, म्हणजे रिकाम्या घरावर, चालवू नये, हॅमरची पिन घराच्या कडेवर आपटते.)

एकदा ऐन सरावात सिलिंडर फिरेना. ट्रिगर दगडासारखा घट्ट. बघतो तर पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण! तेव्हापासून नळी सरळ वर धरून, चांदणीला ढकलणाऱ्या दांडीवर तळव्याचा एकच जोरकस फटका देऊन पुंगळ्या काढतो. कण मग खाली पडून जातात. चांदणीखालून जुना टूथब्रश फिरवणंही चुकवत नाही.

अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढे कधीच नको. नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून तापलेला वायू सुटतो, तो कातडी फाडतो. मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणं फक्त पडद्यावर ठीक, प्रत्यक्षात त्याचा जोड वाकतो.

जुनं घेत असाल तर रिकामं असल्याची खात्री करून हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर अडकायच्या आत सिलिंडर आपल्या जागी पक्का बसलाच पाहिजे. हे प्रत्येक घरासाठी करून पाहा. एक जरी मागे राहिलं तरी ते घेऊ नका, किंमत कितीही उतरवून देत असले तरी.