पुढून हुकाची कॉटन ब्रा: पाच महिने वापरल्यानंतर

मला स्तनाचा कॅन्सर आहे आणि मंगळवारी माझी मॅस्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढण्याचं ऑपरेशन आहे, म्हणून आत्ताच लिहिते. गाठ लहान व्हावी म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ज्यांचं ठरतं, त्यांना मधले महिने दुखरी छाती सांभाळतच काढावे लागतात.

बायोप्सीनंतर (गाठीचा तुकडा तपासायला काढतात ती) डावी बाजू काळीनिळी पडली होती आणि नेहमीच्या ब्राची तार नेमकी तिथेच रुतायची. ठाण्याहून खारघरला उपचारासाठी ट्रान्स हार्बर लोकलने जाताना गर्दीत कोणाचं कोपर लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग ताईने गोखले रोडवरून बिनतारेच्या, पुढून हुक असलेल्या दोन कॉटन ब्रा आणल्या, छातीखालचं माप एक नंबर मोठं घेऊन. पहिल्याच रात्री फरक कळला. हात मागे न्यावा लागत नाही, झोपताना घातली तरी काचत नाही, आणि तपासणीच्या वेळी पटकन उघडता येते.

पण उजव्या कॉलरबोनखाली केमो पोर्ट (केमोचं औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवतात ती छोटी डबी) बसवलं आणि पट्टा बरोबर त्यावर घासायला लागला. जुन्या मलमलच्या ओढणीची घडी पट्ट्याखाली ठेवली, तेव्हा निभावलं. पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झाल्यावर बोटांची टोकं बधिर झाली, बारीक हुक लागेचनात. आईने ते उसवून मोठी टिचबटणं लावून दिली. पावसाळ्यात ठाण्यात कपडे वाळत नाहीत आणि ओलसर ब्राने खाली पुरळ उठतं, तेव्हा दोन नाही, तीन घ्या.

आईनेच जुन्या सुती साडीची छोटी उशी शिवली. ती काखेत धरली की रिक्षाचे हादरे कमी लागतात. मला विचाराल तर ब्राइतकाच उपयोग तिचा झाला.

आता भीतीबद्दल. रात्री एखादी कळ आली की वाटायचं, पसरतंय. दोन महिने हे कोणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. शेवटी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी तपासलं आणि समजावलं की नुसत्या दुखण्यावरून गाठ वाढतेय असं ठरत नाही; बायोप्सीची जागा बरेच दिवस ठणकू शकते. मात्र लाली, गरमपणा, नवी सूज दिसली तर लगेच कळवायचं, आणि केमोत ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर रात्र असली तरी थांबायचं नाही. पॅरासिटामॉल घेण्याआधीसुद्धा ताप मोजायचा, कारण गोळीने ताप झाकला जातो. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हे मी पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. किती रात्री उगाच जागून काढल्या!

तेव्हापासून उशाशी वही ठेवते. रात्रीची शंका लिहायची आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवायची. लिहिलं की झोप लागते, खरंच.

ऑपरेशननंतर हीच ब्रा चालेल असं धरून जास्त घेऊ नका. आधी जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या असतात, तेव्हा पुढून उघडणारे सैल शर्ट बरे. कृत्रिम स्तनासाठी आत खिसा असलेली ब्रा वेगळी येते, आणि ती जखम भरल्यावर सर्जनला विचारूनच घालायची. मी सध्या फक्त दोन शर्ट आणि उशी पिशवीत भरली आहे. वहीत काल रात्रीचा एक प्रश्न आहे: डाव्या कुशीवर परत कधी झोपता येईल?