नंबर मिळेना, तर जायचं कुठं? तालुक्याचं रुग्णालय, जळगाव-धुळ्याचा खासगी दवाखाना, सिव्हिल की ई-संजीवनी

जळगावच्या नावाजलेल्या फिजिशियनकडे नंबर लावायचा म्हणजे सकाळी आठच्या ठोक्याला फोन घेऊन बसायचं. आठ-दहाला लागला तर चाळिसावा नंबर, साडेआठला लागला तर “उद्या करा”. धुळ्यात फार वेगळं नाही. नंदुरबारकडची मंडळी सरळ सुरतची गाडी धरतात, तीही हौस म्हणून नव्हे. आणि नंबर मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. त्या एका फेरीत हाती काय पडतं, यावर खरा हिशेब ठरतो. हा हिशेब चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, अक्कलकुवा अशा तालुक्यांतल्या माणसाच्या बाजूनं मांडला आहे. दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या शहरवासीयाचा निकाल उलटा लागू शकतो.

आधी तातडीचं बाजूला काढू, कारण तिथं नंबराचा प्रश्नच येत नाही. पण तिथंही “कुठं” याचं उत्तर दर वेळी एकच नसतं.

साप चावला तर सर्पदंशाची लस जिथं सर्वांत जवळ असेल ते ठिकाण, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र का असेना. १०८ ला फोन लावतानाच जवळ लस कुठं आहे ते विचारायचं. विषाची लक्षणं दिसली की पहिला डोस साधारण दहा कुप्यांचा असतो, आणि मुलांनाही तेवढाच, कारण मात्रा सापाच्या विषावर ठरते, रोग्याच्या वजनावर नाही. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. तोवर ते गोठलं नाही तर विष भिनलं आहे. मण्यार किंवा नागाच्या दंशात पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो, अशा वेळी व्हेंटिलेटरही लागू शकतो. म्हणून पहिला डोस जवळ, आणि मग १०८ नं पुढं. आवळपट्टी नको, ब्लेडनं चिरा नकोत.

लकव्याचं बरोबर याच्या उलट. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तालुक्याला थांबण्यात वेळ जातो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी मशीन चालू असलेलं ठिकाण गाठायचं, आणि निघण्यापूर्वी फोनवर “आत्ता सीटी होईल का?” एवढं विचारायचं. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून न्यायची. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

कपाशीवर फवारताना विषबाधा झाली तर कपडे उतरवून साबण-पाण्यानं अंग धुवायचं, उलटी काढायची नाही आणि औषधाची बाटली सोबत न्यायची. लेबलवरचं रसायनाचं नाव वाचलं की डॉक्टरांना उतारा ठरवायला सोपं जातं. “पिवळ्या बाटलीचं होतं” यावरून काही ठरत नाही.

आता रोजचं दुखणं: महिनाभराचा थकवा, वाढलेली साखर, कमी होणारं वजन, पोटात राहून राहून येणारी कळ, गुडघे, थायरॉईड. नंबराची खरी ओढाताण इथंच होते.

खासगी विशेषज्ञाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. तोच डॉक्टर पुन्हा भेटतो, फाईल लक्षात ठेवतो, रात्री काही झालं तर निदान कंपाउंडर तरी फोन उचलतो. जुना हृदयरोग, अपस्मार, कर्करोगानंतरची देखरेख अशा आजारात हे सातत्य पैशात मोजता येत नाही. ज्याची फाईल आधीच एका जागी आहे त्यानं ती हलवू नये, असं मला वाटतं.

पण नव्या तक्रारीसाठी माझं पारडं दुसरीकडे झुकलं ते एका साध्या त्रासामुळे: रिपोर्ट दाखवायचा दुसरा नंबर.

चाळिसावा नंबर म्हणजे दीड-दोन वाजता आत. डॉक्टर पाच मिनिटं बघतात आणि तपासण्या लिहितात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, थायरॉईड, किडनी, पोटाची सोनोग्राफी. इथं तीन अडचणी एकदम येतात. साखरेला आठ तास पोट रिकामं लागतं आणि गड्यानं सकाळी स्टँडवर पोहे-चहा केलेला असतो. पोटाच्या सोनोग्राफीला सहा तास उपाशी राहावं लागतं, आणि सोनोग्राफीवाल्याचा नंबर वेगळा. रक्ताचे काही रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर, थायरॉईडचा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांची संध्याकाळची ओपीडी भरलेली, तिथं रिपोर्ट घेऊन उभं राहिलं तर “नंबर लावला का?” आणि आठ वाजता तालुक्याची शेवटची एसटी गेलेली. म्हणजे एक निदान आणि जळगावच्या दोन फेऱ्या, कधी तीन. फी सात दिवसांत पुन्हा लागत नसेल, पण मजुरी दर फेरीला बुडते, आणि सोबत आलेल्याचीही. कंपाउंडरच्या वशिल्यानं मधे घुसायला मिळतं म्हणतात. तो मार्ग सगळ्यांना जमत नाही आणि जमू नये.

डॉक्टर निष्काळजी असतात म्हणून हे होत नाही. सगळं क्रमानं उलटं घडतं: जे आधी व्हायला हवं, म्हणजे तपासण्या, ते शेवटी होतं. हा क्रम सुलटा करायला सर्वांत सोपी जागा मला तरी तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय वाटते.

तिथं जायचं ते उपाशीपोटी, साडेआठच्या आसपास, मोबाईल आणि आधार घेऊन. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळे त्यात येतात. रक्ताच्या तपासण्या महालॅब योजनेतून होतात: नमुना इथं घेतात, तो प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्ट मोबाईलवर किंवा रुग्णालयात येतो. नमुने नेणारा माणूस बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत येऊन जातो, म्हणून रक्त अकराच्या आत दिलेलं बरं. त्यानंतर दिलं तर एक दिवस हमखास लांबतो. मोबाईल नंबर लिहिताना एक आकडा चुकला की रिपोर्ट दुसऱ्याच्याच फोनवर जातो, तेव्हा कागदावर लिहिलेला नंबर एकदा वाचून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरकडे जायचं. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, असा माझा अंदाज. मोजून सांगत नाही. ज्या मिटत नाहीत त्यांना संदर्भचिठ्ठी मिळते, आणि मग जळगावच्या चाळिसाव्या नंबरालाही अर्थ येतो, कारण आत शिरताना हातात सगळे रिपोर्ट असतात. डॉक्टर त्याच पाच मिनिटांत औषध लिहितात.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. विशेषज्ञाचं पद कित्येक ठिकाणी रिकामं असतं. सोनोग्राफीचं मशीन असतं पण रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून ठराविक दिवशीच येतो. ओपीडीतला डॉक्टर शवविच्छेदनाला, कोर्टाच्या साक्षीला किंवा जिल्ह्याच्या बैठकीला गेलेला असू शकतो. आठवडे बाजाराच्या दिवशी तर तिथं पाय ठेवायला जागा नसते. बाजार, दवाखाना आणि बँक एकाच फेरीत उरकायला अख्खा तालुका आलेला असतो. म्हणून बाजाराचा दिवस आणि सोमवार टाळायचा. सायंकाळची ओपीडी फलकावर चार ते सहा असली तरी तपासणी करून घ्यायची असेल तर सकाळच धरावी. आणि एखादं औषध “बाहेरून घ्या” असं सांगितलं तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागायचं, म्हणजे जनऔषधी दुकानात तेच स्वस्त मिळतं.

गरोदर बाईसाठी मात्र दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. खासगी दवाखान्यात नंबर मिळत नसेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीतली निदान एक तपासणी तरी ९ तारखेला व्हायलाच हवी. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही त्याच फेरीत करून घ्यावी.

आता सिव्हिल. जळगावचं जिल्हा रुग्णालय २०१८ पासून वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. लोकांच्या तोंडी अजून सिव्हिलच. धुळ्याला चक्करबर्डीचं हिरे मेडिकल कॉलेज. सगळे विभाग एका छताखाली, सीटी, शस्त्रक्रिया, रक्तपेढी, सगळं. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची असल्यानं वरची सरसकट मोफतीची सवलत तिथं जशीच्या तशी लागू नाही. केसपेपर आणि काही तपासण्यांचे माफक पैसे पडतात. तिथं फसगत होते ती युनिटमुळे. प्रत्येक विभागात वारांप्रमाणे युनिटं, म्हणजे डॉक्टरांचे गट, बसतात. सोमवारी ज्या डॉक्टरांनी पाहिलं ते गुरुवारी ओपीडीत नसतात, आणि नवा निवासी डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारतो. म्हणून केसपेपरवर युनिटचं नाव आणि वार बघायचा आणि पुढच्या वेळी त्याच वारी जायचं. एवढं पाळलं तर सिव्हिलची निम्मी वणवण वाचते. केसपेपरच्या रांगेसाठी आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्यूआर कोड लावलेला असेल तर फोननं स्कॅन करून टोकन घेता येतं, पण त्यासाठी आभा क्रमांक घरूनच काढून न्यावा. रांगेत उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात रांगच पुढं सरकते.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर तुलना पैशाकडे वळते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते भरती आणि ठराविक उपचारांसाठी. ओपीडीची फी त्यात बसत नाही. रुग्णालय योजनेत आहे, एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. ही शस्त्रक्रिया, या विभागात, तुमच्याकडे योजनेतून होते का, असं आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारायचं, आणि तेही आगाऊ रक्कम भरण्याच्या आधी. शंका असेल तर १५५३८८ वर फोन करता येतो. मोठ्या शहरातून महिन्यातून एकदा येऊन ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबद्दल एकच म्हणेन: हात चांगला असेलही, पण टाक्यांतून पू आला तर मंगळवारी कोण बघणार, हे आधी ठरवून घ्या.

ई-संजीवनीचं, म्हणजे फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचं, आकर्षण उघड आहे: ना नंबर, ना एसटी. मोबाईलवर ओटीपी टाकायचा, टोकन यायचं, डॉक्टर पडद्यावर यायचे, चिठ्ठी उतरवून घ्यायची. जुन्या औषधांची चिठ्ठी पुन्हा हवी, अंगावर पुरळ आलंय, आलेला रिपोर्ट कुणाकडून तरी वाचून घ्यायचाय, यासाठी ही सोय उत्तम. झोपेच्या आणि नशेच्या वर्गातल्या गोळ्या अशा सल्ल्यात लिहून मिळत नाहीत, आणि पोट दाबून बघणं पडद्यावरून होत नाही. दुसरी अडचण बोलीची. “पोट दुखी ऱ्हायनं” इथपर्यंत कुणालाही कळतं, पण कळ कशी आहे, कधी उठते, कुठून कुठं जाते हे अहिराणीत किंवा पावरीत सांगितलेलं पडद्यापलीकडच्या डॉक्टरला नेमकं कळेलच असं नाही. म्हणून घरून करण्यापेक्षा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून जोडून घेतलेला सल्ला मी वरचा मानतो. तिथं आधी बीपी, साखर, वजन घेतलं जातं, बोलणं समजावणारं कुणी असतं आणि साधी औषधं हातात मिळतात. धडगाव-मोलगीकडे जिथं फोनला रेंज नसते, तिथं तर दुसरा पर्यायच उरत नाही.

गावातला डॉक्टर तापासाठी पहिल्या दिवशी ठीकच. पण ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर पुढची सलाईन लावण्याआधी रक्त तपासायला जावं, मलेरियाचा काचेवरचा नमुना आणि प्लेटलेट. डेंग्यूचा संशय असेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी अंगदुखीची गोळी नको, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि कुठलंही इंजेक्शन दिलं की त्याचं नाव कागदावर लिहून मागावं. पुढच्या डॉक्टरला ते कळल्याशिवाय उपचार अंदाजानं होतात.

कुठंही जा, ईसीजीचा कागद मात्र तसाच पिशवीत ठेवू नका. तो उष्णतेनं उमटणारा कागद असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिला तर काळा पडतो, नाहीतर काही महिन्यांत अक्षरं फिकट होतात. निघाल्याबरोबर फोनवर फोटो काढायचा आणि पुढच्या दुकानात झेरॉक्स.