इंदूरचा रोजगार कशावरून मोजायचा?

दर महिन्याला दोन आकडे येतात: पीएफमध्ये आलेल्या नव्या नावांचा आणि किती जण कामात आणि किती बेकार हे सांगणाऱ्या, मे २०२५पासून मासिक झालेल्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणाचा. मला पहिला थोडा फसवा वाटतो. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होतो. पीथमपूरच्या कारखान्यातला फिटर त्यात दिसतो, सियागंजच्या पेढीवर पोती उचलणारा हम्माल नाही. शिवाय जुन्याच नोकरीत पहिल्यांदा पीएफ कापला गेला, तरी नाव 'नवं' म्हणून मोजलं जातं. आकडे मागाहून बदलतात, ते वेगळंच.

सर्वेक्षण घरोघरी जाऊन विचारतं, त्यामुळे हम्मालही त्यात येतो. पण मासिक आकड्यात गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेलं असलं, तरी माणूस कामाला लागलेला धरतात! सकाळी करणी-ओळंबा घेऊन कामाची वाट बघत चौकात उभा राहणारा गवंडी आठवड्यात एकदाच कामावर गेला, तरी तो बेकार नाही. मासिक पत्रकात इंदूरचा वेगळा आकडाही नसतो.

तरीही निवड करायचीच तर मी सर्वेक्षण घेईन, आणि सकाळी नऊनंतर चौकात किती जण उरलेत, तेही बघेन.