शिडाच्या होडीचे तडे: जळगाव एमआयडीसीतल्या फायबर वर्कशॉपचा अनुभव

फायबरच्या होडीवर बारीक तडे दिसायला लागले तर खान्देशात ती न्यायची कुठे, असं ओळखीतल्या काहींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. जळगावात अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीत शिरलं की आतल्या गल्लीत हे वर्कशॉप लागतं. पाटी नाही, कूलरच्या बॉड्यांचा ढीग हीच खूण. टाक्या, कूलर, देखाव्याच्या मूर्ती ही त्यांची रोजची कामं. होडी त्यांच्याकडे क्वचितच येते. तरीही मी तिथेच जा म्हणेन.

माझी होडी एंटरप्राइज जातीची, ४.०४ मीटर लांब. जॅक होल्ट यांनी १९५६ साली हिचा आराखडा केला, निळी शिडं ही हिची ओळख. नौदलात असताना मी हिच्यावरच शीड हाताळायला शिकलो. आता एक जुनी पुण्याहून आणली आहे आणि परवानगी काढून हतनूर धरणाच्या फुगवट्यात चालवतो. थंडीत पाहुणे पक्षी उतरतात त्या उथळ भागापासून लांबच राहतो.

तडे दोन ठिकाणी होते. तळाला पुढच्या बाजूस एका बिंदूतून चहूकडे फुटलेले, आणि मागच्या फळीवर सुकाणूच्या बिजागरांभोवती. आधीच्या कोणीतरी त्यात गाडीची पुट्टी भरून वरून रंग मारला होता. ही पुट्टी पाणी शोषते, होडीच्या तळाला तिचं कामच नाही.

तिथले कारागीर मूळचे अमळनेरकडचे. मी भरायचं किती घ्याल असं विचारलं, तर म्हणाले, ''भाऊ, पह्यले हाई का बरं तडकनं ते देखूत, मंग भरूत.'' म्हणजे आधी का तडकलं ते बघू, मग भरू. या एका वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. जेलकोट म्हणजे होडीच्या अंगावरचा सगळ्यात बाहेरचा, रंग मिसळलेल्या रेझिनचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा थर. त्यात काचेचा धागा नसतो. आतलं मॅटचं, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या चटईचं अंग ताण आला की थोडं वाकतं, जेलकोटला तेवढं वाकता येत नाही, म्हणून आधी तोच फुटतो. आतलं अंग वाकतच राहिलं तर वरून कितीही भरा, तडा त्याच जागी परत येणार.

त्यांनी निळी शाई फासून पुसून घेतली, तेव्हा डोळ्यांना न दिसलेले तडेही उमटले. मग रुपयाच्या नाण्याने ठोकत गेले. तळाचा आवाज एका जागी बद्द आला. होडी वाहून नेतो त्या ट्रॉलीचा रोलर तिथे नेमका टेकतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक हादरा तेवढ्याच जागेवर बसतो. आतलं मॅटही सुटलं होतं. ती जागा उतरती घासून मॅटचे नवे थर बसवले. सुकाणूच्या बोल्टांना आतून जेमतेम नखाएवढे वॉशर होते. त्यांच्या जागी मरीन प्लायचा तुकडा आणि त्यावर स्टीलची पट्टी दिली, म्हणजे ताण पसरतो. बाकी तडे टोकदार बिटाने व्ही आकारात उघडून जेलकोट भरला. नुसता वरून फासला असता तर तो आत धरलाच नसता.

काम मे महिन्यातलं. जळगावचं ऊन ४४-४५ अंशांवर गेलं की मिसळलेला जेलकोट डब्यातच घट्ट होतो. म्हणून ते सकाळीच थोडं थोडं मिसळायचे आणि हार्डनर एक टक्क्याच्या आसपासच ठेवायचे. हवा लागली की जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकट राहतो, त्यासाठी वरून मायलरची, म्हणजे पातळ प्लास्टिकची शीट टेपने लावली. मला विशेष आवडलं ते हे: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते रसायन) दोन वेगळ्या कपाटांत. हे दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो, आणि ही शिस्त सगळीकडे दिसत नाही. शेवटी वॉटर पेपर ४०० पासून १००० पर्यंत आणि मग बफिंग.

उणिवाही सांगतो. रंग जुळला नाही. उन्हापाण्यात पिवळट झालेल्या पांढऱ्यावर नवा पांढरा ठळक दिसतो. त्यांनी पिवळ्या पिगमेंटचा थेंब टाकून पाहिला, तरी मागच्या फळीवर ठिगळ ओळखू येतं. दुसरं, त्यांच्याकडे नेहमी असतो तो साधा जीपी, म्हणजे सर्वसाधारण कामाचा जेलकोट. कूलरला तो चालतो, पण सतत पाण्यात राहणाऱ्या तळाला आयसो-एनपीजी हा पाण्यात टिकणारा प्रकारच हवा. तो आधी सांगून मागवून घ्यावा लागतो. तसं सांगितलं तर कुरकुर न करता आणतात. आणि वेळ पाळली नाही. कूलरचा हंगाम असल्याने होडी शेडच्या कोपऱ्यात बराच काळ पडून होती, फोन केला की ''उद्या'' एवढंच उत्तर.

त्यामुळे उन्हाळ्यात जाऊ नका. पावसाळी दमट हवा जेलकोटला चालत नाही, शिवाय गणपती-नवरात्रात ते मूर्तींत अडकलेले असतात. दसरा उलटला की जा. हवा कोरडी असते आणि त्यांचे हातही मोकळे असतात. होडीसोबत ट्रॉलीही न्या, रोलरऐवजी लांब गादीची पट्टी कुठे बसवायची ते तेच दाखवतात.