साताऱ्यातील बोआ-मांडूळ अभ्यासवर्ग : सकाळ भरगच्च, दुपार तोकडी

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका लहान सभागृहात बोआ, म्हणजे भक्ष्याला विळखा घालणारे बिनविषारी साप, आणि मांडुळासारखे त्यांच्या नात्यातील साप यांच्यावरील संशोधनाचा एकदिवसीय सशुल्क अभ्यासवर्ग भरतो. जेवण आणि छापील पुस्तिका धरून त्याचे शुल्क ७०० रुपये आहे. माण-खटावच्या कोरडवाहू शिवारात ज्यांची मांडुळाशी अधूनमधून गाठ पडते आणि त्याच्या लाखो-कोटींच्या किमतीच्या वावड्या ज्यांच्या कानावर हमखास येतात, अशांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. परदेशी बोआंवर प्रयोगशाळांत झालेले काम आपल्या बांधावरच्या सापापर्यंत कितपत पोहोचवले जाते, हीच या वर्गाची खरी कसोटी आहे.

सकाळचे सत्र या कसोटीला पुरेपूर उतरते. बोआ भक्ष्याला विळखा घालून गुदमरवतो, हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये भूल दिलेल्या उंदरांचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके विळख्यात असताना मोजले, तेव्हा काही सेकंदांतच रक्तदाब कोसळत असल्याचे आढळले. म्हणजे श्वास कोंडण्याआधीच रक्ताभिसरण थांबते. त्याआधी, २०१२ मध्ये, याच गटाने मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवून पाहिले होते आणि ते हृदय धडधडत ठेवले की बोआ अधिक जोराने आणि अधिक वेळ आवळतो, असे दाखवले होते. भक्ष्य मेले की नाही, हे साप अंगाला जाणवणाऱ्या ठोक्यांवरून ताडतो. व्याख्यात्यांनी हे प्रयोग आलेखांसह, घाई न करता आणि सोप्या मराठीत उलगडले.

मग प्रश्न आला की इतके आवळताना साप स्वतः श्वास कसा घेतो. एका सहभागी तरुणाच्या छातीभोवती रुंद पट्टा आवळून त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. छाती जागची हलेना आणि पोट मात्र वरखाली होऊ लागले. सापाला माणसासारखे श्वासपटल नसते, त्याचा सारा कारभार बरगड्यांवर चालतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोआच्या अंगाभोवती रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळून फुगवला, तेव्हा दाबलेल्या भागातील बरगड्या थांबल्या आणि दुसऱ्या भागातील बरगड्यांनी श्वसनाचे काम उचलले. फुप्फुसाचा मागचा पिशवीसारखा भाग अशा वेळी भात्यासारखा हवा ओढून घेतो. एवढा एक प्रयोग इतका स्वच्छ समजला, की निम्मे शुल्क तिथेच वसूल झाले.

नराविना झालेल्या पिल्लांचा विषयही चांगला रंगला. बोआच्या एका मादीला अशी पिल्ले झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ती सर्व माद्या होत्या, आणि त्यांच्या गुणसूत्रांची सांगड घालताना संशोधकांना बरीच ओढाताण करावी लागली. २०१७ मध्ये बोआ आणि अजगर यांची लिंगगुणसूत्रे बहुतेक प्रगत सापांप्रमाणे झेड-डब्ल्यू प्रकारची (मादीत दोन वेगळी गुणसूत्रे) नसून माणसासारखी एक्स-वाय प्रकारची (नरात दोन वेगळी, मादीत दोन्ही एक्स) असल्याचे दिसून आले. म्हणजे एकट्या मादीची पिल्ले माद्याच असणार, आणि तो गुंता आपोआप सुटला. सभागृहात शिक्षक मंडळी बरीच होती. या भागावर त्यांचे प्रश्न संपता संपेनात.

जीवाश्मांचा भाग मात्र उरकण्यात आला, आणि पुस्तिकेत तर त्यात चूकही आहे. कोलंबियातील सुमारे १३ मीटर लांबीचा टायटनोबोआ, ज्याचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तो बोआंच्या कुळात बसतो. कच्छमधील पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या २७ मणक्यांवरून २०२४ मध्ये वर्णन झालेला ‘वासुकी’ हा साप ११ ते १५ मीटरचा असावा, असा अंदाज आहे. पण तो मॅडत्सोइडी या नामशेष कुळातला. पुस्तिकेने दोघांनाही एकाच फांदीवर बसवले आहे. अजगरांनाही तिथे बोआंचे सख्खे भाऊ ठरवले आहे. प्रत्यक्षात अजगर अंडी घालतात, बहुतेक बोआ पिल्लांना जन्म देतात आणि दोघांची कुळे वेगळी आहेत.

दुपारी मांडुळाची पाळी आली तेव्हा घड्याळाचे काटे बरेच पुढे सरकले होते. आपले मांडूळ पिल्ले घालते, तर त्याच प्रजातीगटातील अरबस्तानचा एरिक्स जयकारी अंडी घालतो. मस्कतला सर्जन असलेल्या डॉ. आत्माराम जयकर यांच्या नावावरून १८८८ मध्ये त्याचे नामकरण झाले. मराठी श्रोत्यांसमोर हा धागा किती फुलवता आला असता! तो एका वाक्यात संपला. मांडुळाच्या बोथट शेपटीवरील जखमांचे व्रण मोठ्या छायाचित्रात दाखवले, ते उत्तम झाले: धोका जाणवला की डोके वेटोळ्याखाली दडवून शेपूट पुढे करायची त्याची सवय त्यावरून लगेच पटते, आणि ‘दोन तोंडांची’ कथाही तिथेच निकालात निघते.

सर्वांत खटकले ते हे, की मांडुळाच्या गटातील बिनविषारी डुरक्या घोणस आणि विषारी घोणस यांच्यातील फरकाला एकच अंधूक चित्र मिळाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जिवाशी गाठ आहे. डुरक्या घोणशीचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही, तिचे डाग वेडेवाकडे असतात आणि शेपूट अगदी आखूड असते. घोणशीचे डोके रुंद, त्रिकोणी असते आणि पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. यावर तासभर द्यायला हवा होता, भले वासुकी एक दिवस बाजूला राहिला असता.

आयोजकांनी जिवंत साप आणला नाही, याबद्दल त्यांचे अभिनंदन. दोघा-तिघांनी तसा आग्रह धरला, तेव्हा साप पकडून असे खेळ करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे त्यांनी न चिडता, पण ठामपणे सांगितले. जेवणातले पिठले-भाकरी चवदार होते. वाहने लावायला मात्र जागा मिळत नाही, त्यामुळे लवकर निघावे.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी या वर्गाला अवश्य जावे. केवळ साप ओळखायला शिकण्यासाठी येणाऱ्यांनी दुपारच्या सत्राची फेरमांडणी होईपर्यंत थांबलेले बरे. पुस्तिका १०० रुपयांना सुटीही मिळते, पण सध्याच्या आवृत्तीवर ते पैसे घालवू नयेत.