सीडी-डीव्हीडीची घरगुती कागदी पाकिटं: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

लग्नाच्या डीव्हीडी, अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी, जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप असं सगळं घरी केलेल्या कागदी पाकिटांत ठेवून खान्देशातला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा निघाला. पाकिटं टिकली, डिस्कही नीट चालतात. मात्र कागद, माप आणि डिंक लावायची जागा, यातलं एक जरी चुकलं तरी डिस्कचं नुकसान होतं.

आधी कागद. झेरॉक्सचा 75-80 जीएसएमचा ए-4 सगळ्यात बरा. एका बाजूने छापलेला असेल तर छापील बाजू बाहेर ठेवा. वर्तमानपत्र अजिबात नको, त्याची शाई सुटते. वह्यांना घालतो तो खाकी कागद चालतो, पण त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत असते. गुळगुळीत बाजू आत. लग्नपत्रिकांची पाकिटं दिसायला छान, पण त्यांची सोनेरी चमकी झडते आणि डिस्कवर घासते. एरंडोलचा देशी कागद एकेकाळी नावाजलेला होता, पण असा जाडाभरडा हातकागद या कामाचा नाही.

डिस्कचा व्यास 12 सेंमी, म्हणून पाकिटाची आतली रुंदी 12.5 सेंमी. 12.2 ठेवली तर डिस्क अडकते आणि ओढून काढताना घासते. 13 ठेवली तर आत हलत राहते.

ए-4 उभा धरून रुंदी 15.5 सेंमी कापा. खालून 11.5 सेंमीवर एक घडी (ही पुढची बाजू), त्यावर 12.5 सेंमीची मागची बाजू, वर 4 सेंमीचं झाकण. उरलेला कागद कापून टाका. मागच्या बाजूला दोन्हीकडे दीड-दीड सेंमीच्या पट्ट्या ठेवा, पुढची बाजू आणि झाकण यांच्या कडेच्या पट्ट्या कापा. घडीच्या रेषेवर पट्टी धरून संपलेली रिफिल फिरवली की घडी सरळ बसते. मग पुढची बाजू वर दुमडा आणि पट्ट्या तिच्यावर बाहेरून चिकटवा. पट्टी आत गेली तर ओघळलेला डिंक थेट डिस्कला लागतो. पुढची बाजू मुद्दाम एक सेंमी आखूड आहे, म्हणजे डिस्कची कड बोटात येते.

कुरडयांच्या वेळी गव्हाचा थोडा चीक बाजूला काढून शिजवला तर त्याची खळ उत्तम होते, कागदाला सुरकुती पडत नाही. उन्हाळ्यात तिचा काहीच त्रास झाला नाही. पावसाळ्यात मात्र कसर आणि झुरळं नेमकी तिथेच लागतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवूनही पूर्ण थांबत नाहीत. म्हणून आता फेव्हिकॉलच. अगदी पातळ रेघ, कडेपासून दोन-तीन मिमी आत, आणि पाकीट एक दिवस वाळल्याशिवाय डिस्क घालायची नाही. कापलेल्या कडांचा कागदी भुगा आधी झटकून टाका.

सेलोटेप वापरू नका. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45च्या वर जातो. त्यात टेपचा चिकटा पाघळून कडेने बाहेर येतो. स्टेपलरची पिन तर सरळ ओरखडाच काढते.

पाकिटं पत्र्याखालच्या माळ्यावर नकोत, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात उभी लावा. आडवी थप्पी लावली की खालच्यांवर वजन येतं. घरी राइट केलेल्या डिस्कला ऊन लागू देऊ नका, तिच्यातला रंगद्रव्याचा थर खराब होतो.

नाव, तारीख पाकिटावर आधी लिहा, डिस्क नंतर घाला. आत डिस्क असताना बॉलपेनने दाबून लिहिलं तर कागदातून दाब उतरतो. सीडीचा चकाकता थर लेबलच्या बाजूलाच, पातळ लॅकरखाली असतो. तिथे खोच पडली की तेवढा डेटा गेला, पॉलिश करूनही परत येत नाही. डीव्हीडीत तो थर 0.6 मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असतो, म्हणून ती थोडं सोसते.